बटन दाबल्यावर नेमका आवाज कसला येतो?

जुलैतली गोष्ट. डिचोलीहून मये, चोडण करत रायबंदरच्या फेरीने पणजीला जायचा माझा रोजचा रस्ता. सकाळची फेरी म्हणजे बोटीवर दुचाक्या इतक्या की पाय टेकायला जागा नाही, त्यात पावसाची झड. रायबंदरच्या धक्क्याला बोट लागली, पुढचे सगळे भराभर सुटले आणि माझी गाडी काय स्टार्ट होईना. बटन दाबतोय, काहीच नाही. किक मारतोय, इंजिन फिरतंय पण पकडत नाही. मागून हॉर्नांची भजनी मंडळी सुरू, रेनकोटच्या आत घामाने मी वेगळाच भिजलेलो. शेवटी फेरीवरचा खलाशी आला, "किदें जालें रे?" एवढंच म्हणाला, उत्तराची वाट न बघता उजव्या मुठीवरचं लाल बटन अंगठ्याने सरकवलं आणि म्हणाला, "आतां मार." पहिल्या दाबाला चालू.

किल स्विच, इंजिन बंद करायचं बटन. गर्दीत शेजारच्याच्या रेनकोटची बाही नाहीतर कुणाची बॅग लागून बंद झाला असणार. आणि मी म्हणजे तो माणूस, ज्याच्याकडे वाड्यावरची अर्धी पोरं बिघडलेल्या गाड्या ढकलत आणतात. पणजी येईस्तोवर कान गरम होते.

नंतर विचार केला तेव्हा कळलं की गाडीने मला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. बटन दाबल्यावर साधी टिकसुद्धा आली नव्हती, म्हणजे करंट कुठेतरी वाटेतच अडलाय हे तेव्हाच समजायला हवं होतं, पण घाईत आपण सगळेच हे करतो, गाडी चालू झाली नाही की अजून जोरात किक, अजून लांब सेल्फ, मग चोक (हवा कमी करून पेट्रोल जास्त खेचणारा खटका) ओढ, मग ॲक्सिलरेटर पिळ, आणि ज्या गाडीला फक्त एक स्विच सरकवायचा होता तिचा प्लग पेट्रोलने भिजवून आणि बॅटरी उतरवून ठेवतो. आता एकाच्या जागी तीन प्रॉब्लेम.

इंजिनाचं तसं चुलीसारखंच आहे. लाकूड, काडी आणि हवा, म्हणजे पेट्रोल, प्लगची ठिणगी आणि हवा. फरक एवढाच की ही हवा पिस्टनने दाबलेली लागते, आणि पहिले काही फेरे कुणीतरी बाहेरून फिरवून द्यावे लागतात, किकने नाहीतर बॅटरीवर चालणाऱ्या स्टार्टर मोटरने. म्हणून पहिला प्रश्न एवढाच, बटन दाबल्यावर इंजिन फिरतच नाहीये, की फिरतंय पण पेटत नाहीये? फिरत नसेल तर बॅटरी, वायरी, स्विच बघायचे, तिथे टाकीतलं पेट्रोल बघून उपयोग नाही. फिरत असून पेटत नसेल तर पेट्रोल आणि प्लग, तिथे नवीन बॅटरी घालून पैसे पाण्यात. अर्धी शोधाशोध इथेच वाचते आणि हे ओळखायला पाना लागत नाही, कान लागतो.

बटन दाबल्यावर अगदी शांतता असेल तर आधी चावी आणि किल स्विच बघा (माझं नाव काढा हवं तर). मग न्यूट्रलचा हिरवा दिवा. बऱ्याच गाड्यांना गिअरमध्ये असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि कित्येक नवीन गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तरी लागत नाही. स्टँडच्या त्या स्विचमध्ये लाल माती आणि पाणी जाऊन तो अडकतो, मग स्टँड वर असूनही गाडीला वाटतं खालीच आहे. पाण्याने धुवा, स्टँड चार-पाच वेळा वरखाली करा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. गिअर नसलेल्या स्कूटरला ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ नाही, आणि आपल्याकडे खाऱ्या हवेने ब्रेकच्या दांडीतला छोटा स्विच गंजतो. ब्रेक दाबून मागचा लाइट पेटतो का बघा, पेटत नसेल तर बहुतेक तोच स्विच गेला, तात्पुरतं दुसऱ्या हाताचा ब्रेक दाबून बटन मारून बघा. डॅशबोर्डवर काहीच उजळत नसेल तर फ्यूज, तो बहुतेक गाड्यांत बॅटरीशेजारीच असतो आणि डबीत एक जादाचा पण ठेवलेला असतो. फ्यूज बदलला आणि लगेच परत उडाला तर तिथे थांबायचं, कुठेतरी वायर बॉडीला लागतेय. त्या जागी तांब्याची तार किंवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी लावणारे महाभाग मी पाहिलेत. वायरिंग जळतं त्याने, कधी कधी सगळी गाडीच.

आता टिक-टिक-टिक-टिक. हा आवाज ओळखीचा झाला पाहिजे. माझी भाची फर्मागुडीला कॉलेजात आहे, एका संध्याकाळी तिचा फोन, "मामा, गाडी मेली." म्हटलं फोन सीटखाली धर आणि बटन दाब. फोनमधून टिकटिकटिक, पाल चुकचुकल्यासारखं. म्हटलं आता हॉर्न वाजव, तर हॉर्न कसला, म्हाताऱ्या बकरीसारखा कण्हला. बॅटरी उतरलीय, बाकी कशाला हात लावू नकोस. लाइट लावायला करंट थोडा लागतो, मोटर फिरवायला एकदम भरपूर लागतो, म्हणून डॅशबोर्ड झगझगीत दिसतो आणि लोक म्हणतात "बॅटरी तर ठीक आहे की". आतला रिले, म्हणजे मोटरला करंट सोडणारा विजेचा स्विच, चिकटतो, मोटरने करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, परत चिकटतो, ती टिकटिक.

पण टिकटिक ऐकली म्हणून लगेच नवीन बॅटरी आणायला धावू नका. आधी टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायरी जोडतात ती टोकं, बघा. त्याच्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, नाहीतर स्क्रू ढिला असेल, तर बॅटरी चांगली असूनही करंट पुढे जात नाही. गोव्यात समुद्राजवळच्या गावांत तर हे होणारच, कळंगुट काय, मोरजी काय, हवाच खारी. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की फटाका उडतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन. ही व्हॅसलिनची डबी मी दर मे महिन्यात काढतो, पावसाच्या आधी. पापडासोबतचं काम.

घरात व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर असेल तर अजूनच सोपं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला लावा. 12.6 ते 12.8 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. बटन दाबताना आकडा 10 च्या बराच खाली पडला तर बॅटरी एकतर नीट चार्ज नाही नाहीतर आतून थकलीय, तीन-चार वर्षं झाली असतील तर थकलीच समजा. आणि गाडी चालू झाल्यावर थोडं रेस करून परत बघा, 13.5 ते 14.5 च्या मध्ये आलं पाहिजे. नाही आलं तर गाडी बॅटरी चार्जच करत नाहीये, मग नवीन बॅटरी पण आठवड्यात मरणार आणि तुम्ही बॅटरीवाल्याला शिव्या घालणार.

तोवर घरी जायचं कसं? किक असेल तर किक. नसेल आणि गिअरची गाडी असेल तर धक्का. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून धरा, गाडी जरा वेगात आली की क्लच सोडा, पकडली की लगेच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये करू नका, मागचं चाक जाम होऊन घसरतं, त्यात रस्ता ओला असेल तर तुम्हीच खाली. गिअर नसलेल्या स्कूटरला धक्का मारून काही होत नाही, कितीही मित्र जमवा, कारण तिथे इंजिन फिरल्यावरच क्लच पकडतो, चाक फिरवून इंजिन फिरत नाही. भाचीच्या मैत्रिणी फर्मागुडीच्या उतारावर स्कूटर ढकलायच्या तयारीत होत्या, मी फोनवरूनच अडवलं. तिच्या स्कूटरला खाली किक होती, दोन वर्षांत तिने ती कधी उघडून पाहिली नव्हती. चौथ्या किकला चालू.

अजून एक, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराचा नवा नियम आला तेव्हापासून बहुतेक गाड्यांत पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर जाऊन पंपाने पेट्रोल फवारणारं फ्यूल इंजेक्शन आलंय. त्यात पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, दोन्ही बॅटरीवर चालतात. म्हणून बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर धक्क्याने सुद्धा चालू होत नाही, थोडा तरी जीव लागतो. जुन्या आरएक्स 100 वाल्या काकांचा सल्ला इथे चालत नाही, त्यांचं सगळं आयुष्य एका किकवर गेलं.

टिकटिक नाही, एकच जाड "टक" आणि मग गप्प, असं असेल आणि हॉर्न खणखणीत वाजत असेल, तर बहुतेक स्टार्टर मोटरचे कार्बन ब्रश (आत करंट पोचवणारे तुकडे) झिजलेत नाहीतर रिले गेला. मोटरवर लाकडी दांड्याने हलके टकटक करून एखाद्या वेळी फिरते, पण ती उसनी वेळ, गॅरेज गाठा.

आता दुसरी बाजू. इंजिन मस्त गरगर फिरतंय आणि पेटत मात्र नाही. इथे सेल्फ मारत बसायचं नाही हा नियम पाळा, पाच सेकंद दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, नाहीतर मोटर तापते आणि बॅटरी पण जाते.

टाकीत पेट्रोल आहे का, हे विचारलं की लोक चिडतात. पण काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकी हलवून आवाज ऐका. परत आवाजच. कार्बोरेटरवाली जुनी गाडी असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद आहे की रिझर्व्हला फिरवायचा राहिलाय ते बघा. इंजेक्शनवाली असेल तर चावी आणि किल स्विच चालू करून गप्प उभे राहा, दोन-तीन सेकंद बारीक "ऊंऽऽ" ऐकू येतं, तो पंप. रोज येतो म्हणून आपलं लक्ष नसतं, तो आला नाही तर फ्यूज, पंपाची वायर किंवा पंप. आणि इंजेक्शनवाली गाडी पडली असेल, अगदी फेरीच्या रॅम्पवर शेवाळावरून घसरून आडवी झाली असेल तरी, बऱ्याच गाड्यांत आत एक सेन्सर असतो जो गाडी आडवी झाली की इंजिन बंद करतो. चावी पूर्ण बंद करून परत चालू करा, तो विसरतो. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटून राहिला तर मात्र ते तुमच्या-माझ्या कानाचं काम नाही, कंपनीच्या मशीनवर लावावं लागतं.

माझा चुलत भाऊ मुंबईला असतो, गाडी गावच्या घरी पडवीत. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला आला, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणायला बाजारात जायचं तर गाडी चालू व्हायची, दोन-तीन मिनिटं चालायची आणि गुदमरल्यासारखी बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू, परत बंद. घरात सगळे ओरडताहेत, बाजारातलं सामान संपेल म्हणून. मी टाकीचं झाकण उघडलं तर "फुस्स" करून हवा आत गेली. झालं, कळलं. टाकीतून पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा आत यायला झाकणात बारीक भोक असतं, तेच कुंभारमाशीने मातीने लिंपून टाकलं होतं. हवा आत नाही म्हणून पेट्रोल खाली नाही, डब्याला एकच भोक पाडून तेल ओतल्यासारखं. सुईने माती काढली, गेला बाजारात. कुंभारमाशी, मुंग्या आणि उंदीर, गोव्यात गाडी चार महिने उभी ठेवली की हे तिघे भाडेकरू येतातच. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात कापूस-पाला घालून घरटं करतो आणि फावल्या वेळात वायरी कुरतडतो. म्हणून महिनोन्महिने उभी असलेली गाडी असेल तर आधी सीट काढून नाकाने आणि डोळ्याने बघा, मग बटनाला हात.

उभ्या गाडीचं पेट्रोल हा अजून एक विषय. आता पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे त्यात 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं. आणि आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा बुरशी येते, मग अर्धी रिकामी टाकी कशी सुकी राहणार. त्यातच टाकीच्या तोंडाभोवती पावसाचं पाणी जमतं, ते खाली जायला एक बारीक नळी असते, ती चिखलाने तुंबली की झाकण उघडताना ते पाणी सरळ टाकीत. पाणी थोडं असेल तोवर इथेनॉल सांभाळून घेतं, जास्त झालं की दोघे मिळून तळाला बसतात, आणि इंजिनाला जाणारं पेट्रोल तळातूनच घेतलं जातं. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो ढिला करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि थांबा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. तेवढं वाहू दिलं की कित्येकदा गाडी चालू होते, आणि स्वच्छ पेट्रोल असून पण होत नसेल तर आत जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत कचरा, कार्बोरेटर उघडून साफ करावा लागणार. महिनाभर गाडी ठेवून जायचं असेल तर टाकी फुल करून जा, रिकामी जागाच नको.

आणि "ओव्हर झाली" म्हणतात ते. चोक ओढून वीस किका मारल्या, पेट्रोलचा वास सुटला, आता प्लग भिजलाय, ठिणगी पडतच नाही. चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा म्हणजे हवा भरपूर जाईल, आणि तसंच पाच-सहा किका. नाही झालं तर दहा मिनिटं पानाच्या गादीवर गप्पा मारून या. घाईने परत चोक ओढलात तर परत पहिल्यापासून.

प्लग काढता येणं हे मी प्रत्येक गाडीवाल्याला शिकवीन. प्लगचा पाना बहुतेक गाडीबरोबरच्या किटमध्ये असतो. प्लग गाडीची नाडी आहे, टोक फिकट तपकिरी म्हणजे तब्येत उत्तम, कोरडं काळं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलाय, ओलं आणि वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, आणि एवढ्या किका मारून पण ठणठणीत सुका म्हणजे पेट्रोल पोचतच नाहीये. एका प्लगने घोडं कुठे अडलंय ते सांगितलं. ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याची लोखंडी बाजू इंजिनाला टेकवा आणि किक मारायला सांगा, निळी, चटचट वाजणारी ठिणगी हवी, पिवळी मरगळलेली नको. हाताने धरू नका, हजारो व्होल्ट असतात, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. आणि प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, तिथून पेट्रोलची वाफ उडते आणि ती पेटते, इंजेक्शनवाल्या गाडीत तर जास्तच, म्हणून जरा जरी शंका असेल तर ठिणगी बघण्यापेक्षा सरळ नवीन प्लग घालून बघा, शे-दीडशेची वस्तू. माझ्या डिकीत एक जादा असतोच.

पावसात धावती गाडी पाण्याच्या डबक्यातून गेली आणि फटफट करत बंद पडली तर बहुतेक प्लगची कॅप भिजलीय. काढा, कोरड्या फडक्याने आतून पुसा, फुंका, परत घट्ट दाबा.

पण इंजिनापर्यंत पाणी चढलं असेल, रस्त्यावर गुडघाभर पाण्यात गाडी उभी राहिली असेल, तर बटनाला अजिबात हात लावू नका. हे एक मी ओरडून सांगेन. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाच रुपयांच्या कामाचं इंजिन खोलायचं काम होतं. गाडी ढकलून कोरड्यात आणा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का बघा, प्लग काढा आणि मगच हळूहळू किक मारा, पाणी असेल तर प्लगच्या भोकातून पिचकारी उडते. ऑइल पण बघा, चहाच्या रंगाचं दुधाळ झालं असेल तर पाणी मिसळलंय, ते बदलल्याशिवाय चालू नाही करायची.

एवढं सगळं बघून, पेट्रोल येतंय, ठिणगी निळी आहे, इंजिन फिरतंय आणि तरी नाही, तर मग हवा दाबली जात नाहीये. किक नेहमीपेक्षा हलकी, पोकळ लागते. व्हॉल्व्ह (सिलिंडरची उघडझाप करणारी झडप) नाहीतर पिस्टनच्या रिंगा. थंड असताना चालू होते आणि गरम झाल्यावर बंद केली की होत नाही, असं असेल तर व्हॉल्व्हची सेटिंग आधी बघायला सांगा. हे रस्त्याच्या कडेला करायचं काम नाही.

गॅरेजवाल्याला फोन करताना "गाडी बंद पडली रे, बघ काय ते" एवढंच सांगू नका. बटन दाबल्यावर काय वाजलं, हॉर्न कसा वाजतो, प्लग ओला की सुका, शेवटची कधी चालली, पाण्यात गेली होती का, हे सांगितलंत तर तो बरोबर सामान घेऊनच येतो, दोन खेपा वाचतात. सगळ्यात सोपं म्हणजे आवाज रेकॉर्ड करून पाठवा. भाची आता तेच करते. परवा रात्री तिचा नुसता सात सेकंदांचा ऑडिओ आला, शब्द एक नाही, गरगर-गरगर-गरगर. मी टाइप केलं, "पेट्रोल?" पाच मिनिटांनी उत्तर, "पंपावर चाललेय मामा, ढकलत."